जिभेखालची लसूण

ता. ३ ऑक्टोबर

वन्सं,

नमस्कार. टपाल कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, छाननीच्या टेबलावर बसून लिहितेय. कागदाला शिक्क्याची शाई लागली असेल तर समजून घ्या.

तुमच्याकडे ती ‘काळी तुकडी’ बघता की नाही? गुरुवारी आठ वाजले की आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्या कॅप्टनच्या मागे शत्रूच्या मुलखात घुसलेले असतात. आमच्या घरी टीव्ही आहे, उत्तम चालतो, फक्त गुरुवारी चालत नाही. कारण तुमचे बंधुराज सकाळी दुकानात जाताना प्लगमधला फ्यूज काढून खिशात घालून नेतात. विचारलं तर म्हणाले, “आठवड्यातून एक दिवस यंत्राला विश्रांती द्यावी.” मी गेली एकोणतीस वर्षं या घरात राबतेय, मला कधी कोणी फ्यूज काढून विश्रांती दिली नाही.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. हे युद्धात अशाच एका तुकडीत होते, हे तुम्हाला माहीत आहेच. सहा जण पूल उडवायला गेले, पाच परत आले. न आलेला तो राघू. खरं नाव दुसरं, पण तोंडाची टकळी थांबायची नाही म्हणून तुकडीने राघू केलेला. मला एवढंच ठाऊक, आणि तेही एका फोटोच्या पाठीवर लिहिलंय म्हणून. राघूची बहीण शाळेत शिकवते. दर वर्षी याच आठवड्यात ह्यांना तिचं पत्र येतं आणि छाननीत ते पहिल्यांदा माझ्याच हाताला लागतं. मी घरी आणते. हे वाचतात. ज्या किल्ल्यांची कुलपं हरवली आहेत त्यांचा एक खण आहे ह्यांच्या कुलपांच्या दुकानात, त्या खणात ठेवून देतात. उत्तर नाही.

यंदा मास्तरीणबाईंनी पत्र माझ्या नावाने पाठवलं. त्यांची आई शहाऐंशीची आहे. ‘काळी तुकडी’ न चुकता बघते, आणि पडद्यावर कोणी मेलं की पडद्याकडे न बघता लेकीकडे बघते. सरकारी पत्रात राघूच्या मरणाचं जे लिहिलंय ते तिला एकतीस वर्षांत पटलेलं नाही. “तुमच्या यजमानांना एकदा विचाराल का, तो दिवस खरा कसा होता? आई आणखी फार दिवस विचारायला असेल असं डॉक्टरांना वाटत नाही,” असं लिहिलंय.

मी विचारलं. जेवताना, हळूच. हे म्हणाले, “भाजीत मीठ बरोबर पडलंय.”

तुम्ही सख्ख्या बहीण. काही उपाय सुचवा.

तुमची,
वहिनी

*

ता. ९ ऑक्टोबर

वहिनी,

दादाला विचारून काही मिळेल अशी आशा धरणारी तू या घरातली पहिली नव्हेस. आमच्या आईने हात टेकले होते. त्याला विचारायचं नसतं गं, त्याच्यासमोर चुकीचं सांगायचं असतं.

मी सहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. घरात पाहुणे बसलेले आणि माजघरात बरणी फुटली. फोडली दादाने, आणि तो मार चुकवायला पलंगाखाली जाऊन बसला. मी भावाची माया म्हणून पाहुण्यांना सांगितलं की कुत्रा आला आणि त्याने तेलाची बरणी पाडली. झालं! पलंगाखालून आवाज आला, “तेलाची नव्हती, मधाची होती! आणि कुत्रा कुठला? आपल्याकडे कुत्राच नाही!” मार खाल्ला, पण चूक दुरुस्त करूनच खाल्ला. असा हा प्राणी आहे. चुकीचं कानावर पडलं की त्याला राहवत नाही.

तेव्हा बेत असा. तुमच्याकडे गुरुवारी टीव्ही चालत नाही ना? मग भागात काय झालं ते मी तुला पत्राने कळवत जाईन. तू ते जेवताना मोठ्याने वाचायचंस, बिचारी हौशी बाई म्हणून. मी त्यात अशा चुका पेरीन की तो ताटावरून उठून दुरुस्त करायला लागेल. एकदा तोंड उघडलं की राघूपर्यंत पोचायला कितीसा वेळ?

माझ्याकडे टीव्ही बघायला निम्मी इमारत येते. दंतवैद्यीणबाई कॅप्टनचे दात बघून उसासे टाकतात. बेकरीवाली प्रत्येक स्फोटाला माझा दंड धरते, माझ्या दंडावर तिच्या पाच बोटांचे डाग आहेत. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक सुरुवातीच्या संगीताला उभे राहतात आणि मग वही घेऊन कॅप्टनच्या गोळ्या मोजतात. परवा सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून त्रेचाळीस झाल्या.

सोबत तिसरा भाग जोडलाय. बिनधास्त वाच.

तुझी,
वन्सं

(भाग तिसरा. कॅप्टन आणि त्याची माणसं रात्रीची नदी ओलांडतात. बूट गळ्यात बांधलेले. भीती वाटू नये म्हणून सगळे एका सुरात शीळ घालतात. मागोमाग एक इमानी कुत्रा पोहत येतो.)

*

ता. १६ ऑक्टोबर

वन्सं, तुमच्या तोंडात साखर पडो!

वाचलं. बूट गळ्यात आले तेव्हा ह्यांचा घास हातात थांबला. शीळ आली तेव्हा घास ताटात परत गेला. कुत्रा आला तेव्हा ठसका लागला. पाणी प्यायले आणि म्हणाले, “शीळ? शत्रूच्या नदीत शीळ घालतात? आम्हाला साधा खोकला परवडत नव्हता. जिभेखाली लसणाची पाकळी धरायचो, खोकल्याची उबळ येऊ नये म्हणून. सालासकट. सोललेली झोंबते.”

वन्सं, एवढं लांब बोलणं ह्यांनी मला मागणी घालतानाही केलं नव्हतं. तेव्हा फक्त “तुमची हरकत नसेल तर” एवढंच म्हणाले होते आणि पुढचं मी समजून घेतलं होतं.

आत जाऊन उगाच भांडी वाजवली. आनंद झाला की मी भांडी वाजवते.

पुढचा भाग लवकर पाठवा, आणि कुत्रा ठेवा. कुत्र्याने काम झालं असं मला वाटतं.

बाकी सगळं ठीक. ह्यांना हल्ली दाढीचा सोस लागलाय. सकाळी घरी करतात आणि गुरुवारी संध्याकाळी परत तुळतुळीत होऊन येतात. वय झालं की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही.

तुमची,
वहिनी

*

ता. ३० ऑक्टोबर

वहिनी,

लसूण! माझ्या बैठकीत मी ही गोष्ट जाहीर केली तेव्हा बेकरीवालीने स्फोटाशिवायच माझा दंड धरला. “खऱ्या तुकडीतल्या माणसाच्या बहिणीचं घर” म्हणून माझा भाव एकदम वधारलाय. मुख्याध्यापक म्हणाले, ही माहिती दडवून ठेवणं राष्ट्राचं नुकसान आहे. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्ही कंपनीला पत्र धाडलं. मजकूर मुख्याध्यापकांचा, सह्या सतरा. दंतवैद्यीणबाईंनी खाली स्वतःचं एक वाक्य घातलं की कॅप्टनच्या दातांना लसणाने काही अपाय होणार नाही.

चौथ्या आणि पाचव्या भागात तू कळवलेल्या दुरुस्त्याही त्यात घातल्या. म्हणजे, खिशात कच्चा बटाटा ठेवायचा आणि तो कुजला की आठ दिवस झाले असं समजायचं, ती. आणि रोज डोळे मिटून शंभर पावलं उलटी चालायची, ती. बेकरीवालीने ही दुसरी करून पाहिली आणि पिठाच्या परातीत बसली.

पण खरं सांग, राघू आला का बोलण्यात? आपण निघालोय त्याच्यासाठी. मला या लसणाच्या भानगडीत इतकी मजा येतेय की तो मुद्दा मीच विसरेन की काय अशी भीती वाटते.

तुझी,
वन्सं

*

ता. ८ नोव्हेंबर
दर्शक पत्रव्यवहार विभाग

महोदया,

आपले व अन्य सोळा दर्शकांचे पत्र मिळाले. आमच्या मालिकेचे चित्रण प्रक्षेपणाबरोबरच चालू असल्याने आपल्या मौलिक सूचनांचा उपयोग करून घेणे शक्य आहे. लसणीबाबतची माहिती दिग्दर्शकांना अतिशय भावली. बटाट्याबाबत विचार चालू आहे. उलट्या चालण्याचा प्रयत्न करताना एका नटाचा पाय मुरगळल्याने ती सूचना तूर्त स्थगित ठेवली आहे.

कॅप्टनची भूमिका करणाऱ्या नटाच्या दातांविषयी आपल्या सहकारी दर्शकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, क्षमस्व.

आपला,
विभागप्रमुख

*

ता. १० नोव्हेंबर

वन्सं,

ह्यांचं बोलणं वाढलंय. काल चाळीस मिनिटं बोलले, मी घड्याळ लावलं होतं. गाठी किती प्रकारच्या, कुलूप आवाज न करता कसं उघडायचं, बटाटा कुठल्या खिशात ठेवायचा. डावा, कारण उजवा हात मोकळा हवा. ऐकताना मला वाटतं, कुठे लपून बसला होता हा माणूस इतकी वर्षं? आणि नंतर वाटतं, अजूनही लपूनच बसलाय. कारण गोष्टीत सहा माणसं असतात, सहावा काहीच करत नाही. पाच जण बोलतात, खातात, खोकत नाहीत. सहाव्याच्या वाट्याला नुसती जागा.

मी एकदा म्हटलं, “राघूच्याही खिशात बटाटा होता का?” हे उठले आणि बाहेरच्या दाराच्या बिजागरीला तेल घालायला गेले. बिजागरी करकरत नव्हती.

मास्तरीणबाईंचं परत पत्र आलं. आईंना बसता येत नाही फारसं. टीव्ही पलंगाशी नेलाय. गेल्या भागात एक सैनिक मरताना मातृभूमीवर चार मिनिटं बोलला, तेव्हा आई कानांवर हात ठेवून म्हणाली, “मरताना इतकं बोलेल असा एकच होता आणि तो असलं कधी बोलला नसता.” मग दिवसभर जेवली नाही.

आता गंमत पुरे असं मला वाटायला लागलंय. काहीतरी नेमकं करा.

तुमची,
वहिनी

*

ता. १६ नोव्हेंबर

वहिनी,

आधी गुरुवारचं सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. पडद्यावर कॅप्टनने खिशातून लसूण काढली! सहा पाकळ्या सहा माणसांना वाटल्या, सालासकट, आणि म्हणाला, “जिभेखाली. आणि आता खोकणारा माझा कोणी नव्हे.” माझ्या खोलीत असा आरडाओरडा झाला की पुढचा हल्ला कोणाला ऐकूच आला नाही. मुख्याध्यापक रडले. दुसऱ्या दिवशी भाजीवालीकडे लसूण शिल्लक नव्हती आणि जिन्यात कोणाशी बोलायची सोय राहिलेली नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू म्हणतेस तसं नेमकं केलंय. पाठवायचा राहिलेला सातवा भाग सोबत आहे, तो वाच. त्यात तिसऱ्या माणसाने जखमी दोस्ताला टाकून पळ काढलाय. हे इतकं धडधडीत चूक आहे की दादाच्या सहनशक्तीचा बांध फुटलाच पाहिजे. तो म्हणणारच, “कोणी कोणाला टाकून पळत नाही, राघूचं बघ ना, त्याचं असं झालं.” आणि मग तू फक्त ऐकायचंस.

यावेळी कुत्रा घातला नाही. प्रसंग गंभीर आहे.

तुझी,
वन्सं

*

ता. २० नोव्हेंबर

वन्सं,

वाचलं.

हे ताटावरून उठले. हात धुतले. कोट चढवला आणि दुकानात गेले. संध्याकाळचे साडेसातच वाजले होते, पण दुकान उघडलं नाही, शटर आतून ओढून घेतलं. मी समोरून दोनदा गेले, आत दिवा होता. नऊला परत आले आणि झोपले.

तेव्हापासून “ठीक आहे” सुद्धा बंद आहे. भाजीत मी मीठ घातलं नाही काल, मुद्दाम. खाल्ली, काही बोलले नाहीत.

आपण काय करून बसलो हो?

वहिनी

*

ता. २७ नोव्हेंबर

भोंग्या,

लहानपणी तुझा रडण्याचा आवाज तीन घरं ओलांडून जायचा म्हणून हे नाव ठेवलं होतं. ते बदलायचं कारण अजून मिळालेलं नाही.

‘काळी तुकडी’च्या सातव्या भागात कोणी कोणाला टाकून पळत नाही. सातव्या भागात सगळे एका इस्पितळात लपलेले असतात आणि कॅप्टन एका नर्सशी पंधरा मिनिटं बोलतो. मला माहीत आहे, कारण मी तो भाग बघितला. सगळे बघितले. माझ्या दुकानासमोरच्या न्हाव्याकडे टीव्ही आहे. मी गुरुवारी तिथे खुर्चीत बसतो, अर्ध्या तोंडाला फेस लावून पाऊण तास. न्हावीही पडद्याकडे बघत असतो, त्यामुळे दोनदा कापलं. घरी बघत नाही कारण तुझी वहिनी टीव्ही बघत नाही, मला बघते.

तेव्हा तिसऱ्या भागातली शीळ तुझी आहे हे मला पहिल्या घासाला कळलं. त्यातून कुत्रा. पन्नास वर्षांत तुला कुत्र्याशिवाय खोटं बोलता आलं नाही. तुम्ही दोघी मिळून माझी विकेट काढायला निघाला होतात, म्हणून मीही चेंडू टाकायला घेतला. लसूण आम्ही कधी जिभेखाली धरली नाही. खोकला आला तर कोटाच्या बाहीत खोकायचो, सगळे खोकतात तसं. बटाटा मिळाला असता तर आम्ही तो पहिल्या दिवशीच खाल्ला असता. उलटं कोणी चालत नव्हतं. ते सगळं मी जेवता जेवता रचलं आणि तुझी वहिनी माना डोलवायला लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं. पडद्यावर कॅप्टनने लसूण वाटली त्या दिवशी मी इतका हसलो की न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला. एकतीस वर्षांत एवढं हसलो नव्हतो, आणि हसताना बाजूला बघितलं, कारण असं हसणं मला राघूबरोबरचंच माहीत होतं.

पण सातवा भाग तू रचलास, आणि यावेळी तू कुत्रा घातला नव्हतास, म्हणून मला तो खोटा वाटला नाही.

आता खरं लिहितो. यातही कुत्रा नाही.

पूल उडवून झाला होता. कोणाला खरचटलंही नव्हतं. परतीच्या वाटेवर चौथ्या दिवशी एका सोडून दिलेल्या घराच्या अंगणात दबून होतो. दोन दिवस पोटात काही नव्हतं. अंगणात अंजिराचं झाड होतं, भरलेलं. पहाटे राघू चढला. त्याला झाड दिसलं की चढायचा, घरीही आणि युद्धातही. मी खाली शर्ट पसरून उभा. तो वरून एक एक टाकत होता आणि तेवढ्यातही कुजबुजत माझी थट्टा करत होता, की मी शर्ट धरलाय की बायकोचा पदर, आणि माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. मी हसू दाबत होतो. वर, अगदी टोकाला, एक मोठं होतं. मी बोट दाखवलं. म्हटलं, ते वरचं काढ.

अंजिराचं लाकूड ठिसूळ असतं. मी लोहाराच्या घरचा, लाकडाचं मला काय माहीत. फांदी तुटली. मान मोडली असावी. आवाज म्हणशील तर फारसा झाला नाही.

गोळी नाही, शत्रू नाही, मातृभूमी नाही. शेवटचे शब्द बायकोच्या पदराचे. आमचा म्होरक्या म्हणाला, “आईला अंजीर कसं कळवायचं? गोळी लिहू.” त्याने लिहिलं, साक्षीदार म्हणून मी सही केली. राघूला त्याच झाडाखाली पुरला आणि निघालो. पळालो नाही. पण सोडून आलो, हे खरं आहे. म्हणून ताटावरून उठलो.

त्याच्या घरी त्या गोळीचं पदक भिंतीवर आहे. बहिणीला मी काय लिहिणार होतो, की पदक अंजिराचं आहे आणि अंजीर मी मागितलं होतं?

हेच सगळं आज त्याच्या आईलाही लिहिलंय. ते पत्र आधी टाकतो आणि मग हे, नाहीतर माझा धीर जाईल. त्या काय म्हणतील ते म्हणोत. म्हणायचा हक्क त्यांचा आहे.

तुझ्यावर रागावलो होतो. आता नाही. मुख्याध्यापकांना लसणीचं सांगू नकोस, त्या माणसाने काय बिघडवलंय आपलं.

दादा

*

ता. २८ नोव्हेंबर

वन्सं,

काल मी टपालाच्या खिडकीवर होते, आमचा खिडकीवाला रजेवर. रांगेत चौथ्या नंबरला हे. टोपी काढून, परक्यासारखे. नंबर आल्यावर दोन लिफाफे पुढे सरकवले आणि म्हणाले, “आजच्या थैलीत जाईल ना?” मी म्हटलं, “जाईल.” वरच्या लिफाफ्यावर मास्तरीणबाईंच्या गावाचं नाव होतं. मी शिक्का मारला तो दोनदा मारला गेला, हातच तसा पडला. हे म्हणाले, “एक पुरे होता.” मागचा माणूस कुरकुरायला लागला म्हणून, नाहीतर मी खिडकीतून हात बाहेर काढून ह्यांचा हात धरला असता.

घरी आले तर प्लगमध्ये फ्यूज होता. गुरुवार असून. आम्ही दोघांनी दहावा भाग बघितला. कॅप्टनने बटाटा काढला तेव्हा ह्यांनी मला लसणीचं सगळं सांगितलं. वन्सं, मी दीड महिना हा इतिहास छाननीतल्या पाच बायकांना शिकवत होते! मी भांडी वाजवली. यावेळी रागाने. हे म्हणाले, “दोन्ही आवाज सारखेच येतात.”

आता त्या माउलीचं काय उत्तर येतं तिकडे जीव लागलाय. टपालाची गाडी यायच्या वेळेला हे दुकान सोडून कचेरीच्या कट्ट्यावर येऊन बसतात.

तुमची,
वहिनी

*

ता. ८ डिसेंबर

बाळा,

मी सांगतेय आणि मुलगी लिहितेय. तिचे डोळे भरून येतात, त्यामुळे अक्षर वाईट आलं तर दोष तिचा. शाळेत पोरांना अक्षरावरून ओरडते आणि स्वतःचं बघ.

तुझं पत्र तिने मला वाचून दाखवलं. फांदीपाशी ती थांबली. मी म्हटलं, वाच पुढे. संपल्यावर मी हसले. तिला वाटलं, म्हातारी भ्रमली. डॉक्टरला बोलवायला निघाली होती.

अरे, एकतीस वर्षं माझ्या भिंतीवर एक शूर माणूस टांगलाय, आणि मी त्याला ओळखत नाही. सरकारी पत्रात लिहिलं होतं की तो शत्रूसमोर छाती काढून उभा राहिला. माझा मुलगा आयुष्यात कधी एका जागी उभा राहिला नाही. मी त्या पदकाच्या खिळ्याला चष्मा अडकवते, दुसरं काही त्याचं करता येत नाही. मला वाटायचं, माझा मुलगा कुठेतरी वेगळाच मेला आणि कोणी दुसऱ्याचंच मरण माझ्या घरी पोचतं केलं. तुझ्या पत्रात तो मला पहिल्यांदा दिसला. झाडावर. चालायच्या आधी तो चढायला शिकला होता. मी त्याला रोज म्हणायचे, मेल्या, एक दिवस झाडावरूनच जाशील. आईचं ऐकायचं म्हणून ऐकलं की काय गधड्याने. (इथे आई परत हसली आणि मग रडली. पाच मिनिटं थांबलो होतो. आता ठीक आहे. — मुलगी)

तू लिहिलंस की वरचं काढ असं तू म्हणालास. आणि हे छातीवर घेऊन बसलास इतकी वर्षं. तू मुळातच खुळा आहेस की युद्धात झालास? त्याने खालचं फळ जन्मात तोडलं नाही. तू बोट दाखवलं नसतंस तरी तो वरच्यालाच गेला असता. खालची सगळी तुझ्या शर्टात टाकली ना त्याने? मग. ती तुझी, आणि वरचं आपलं, असा त्याचा हिशेब. घरीही बहिणीशी हेच करायचा.

पदकाचं म्हणशील तर राहू दे भिंतीवर. पूल त्याने उडवलाच होता. आणि चष्म्याला खिळा लागतो.

आता एकच विचारते आणि तुला सोडते. मुलगी म्हणते विचारू नको. मी विचारणार. ते वरचं अंजीर, ज्याच्यासाठी तो गेला, त्याचं काय झालं? कोणाला मिळालं का?

तुला आशीर्वाद. गुरुवारच्या फ्यूजचं तू लिहिलंस, तर बायकोला सांग, आता तिने फ्यूज काढून ठेवायचा तर कॅप्टन त्या नर्सशी बोलत असतो तेव्हा ठेवावा. फार बोलतो.

राघूची आई

*

ता. १३ डिसेंबर

आई,

मिळालं. फांदीबरोबर खाली आलं होतं. मी ते खिशात घातलं, त्याचं म्हणून तुम्हाला आणून द्यायचं ठरवलं. डावा खिसा.

दुसऱ्या दिवशी दुपारी भूक आवरेना, तेव्हा चालता चालता खाल्लं.

गोड होतं. फार गोड होतं, आई. एवढं लिहायलाच मला एकतीस वर्षं लागली.